ट्रॉलीचा ब्रेक लाइट लागत नाही? ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या विद्युत जोडणीतील दोष असे शोधा

वणी तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की शिरपूर, शिंदोला, कायर या भागांतून कापसाने भरलेल्या ट्रॉल्या वणीच्या जिनिंगकडे निघतात. दिवसभर वेचणी, संध्याकाळी मोजणी आणि भरणी, म्हणजे ट्रॉली रस्त्यावर येते तेव्हा बहुतेक वेळा अंधार पडलेला असतो. पांदण संपून डांबरी रस्ता लागला की मागे कोळशाचे ट्रक असतात. वणी-घुग्घुस आणि वणी-वरोरा रस्त्यांवर ही वाहतूक रात्रीही चालू असते.

ताशी ६० किमी वेगाने येणारा ट्रक सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे सरकतो. पुढची ट्रॉली थांबत आहे हे कळून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी ट्रक २५ मीटर पुढे आलेला असतो. त्यानंतर चांगल्या ब्रेकनेही थांबायला आणखी तितकेच अंतर लागते. ट्रॉलीचा ब्रेक लाइट लागलाच नाही, तर मागच्या चालकाला हे सारे कळते ते ट्रॉली अगदी जवळ आल्यावर.

ब्रेक लाइट बंद पडला की आपण आधी बल्ब बदलतो, मग होल्डर, मग पूर्ण वायरिंग. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा जोडणीत निघतो: सॉकेटमध्ये, प्लगमध्ये किंवा अर्थमध्ये. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या मागच्या टोकापर्यंत क्रमाने तपासत गेल्यास अर्ध्या तासात दोष सापडतो आणि खर्चही फारसा येत नाही. तो क्रम या लेखात दिला आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

ब्रेक, ब्रेक लाइट आणि इलेक्ट्रिक ब्रेक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना त्यांची गल्लत होते आणि मग दुरुस्तीही चुकीच्या ठिकाणी होते.

- ट्रॉलीचा ब्रेक: ट्रॉलीची चाके थांबवणारी यंत्रणा. आपल्याकडील बहुतेक शेती ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या ब्रेकवरच थांबते. काही टिपर ट्रॉल्यांना हायड्रॉलिक किंवा हवेचा ब्रेक असतो.
- ब्रेक लाइट: पेडल दाबताच ट्रॉलीच्या मागे लागणारा लाल दिवा. तो ट्रॉली थांबवत नाही, मागच्याला सावध करतो.
- इलेक्ट्रिक ब्रेक: चाकाच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो. ओढणाऱ्या वाहनातून प्रवाह आला की तो ड्रमला चिकटतो आणि ब्रेकचे शू दाबतो. अमेरिका, ऑस्ट्रेलियात पिकअपमागे ओढायच्या ट्रेलरना असे ब्रेक सर्रास असतात. आपल्या शेतावर ते क्वचितच दिसतात.

म्हणून या लेखाचा मोठा भाग दिव्यांच्या जोडणीवर आहे. इलेक्ट्रिक ब्रेक असलेल्या ट्रेलरची तपासणी शेवटी थोडक्यात दिली आहे.

सात पिनची जोडणी

ट्रॅक्टरच्या मागे गोल, झाकणाचे सात पिनचे सॉकेट असते. ट्रॉलीच्या केबलचा प्लग त्यात बसतो. प्लगच्या आत पिनजवळ बारीक आकडे कोरलेले असतात. प्रचलित पद्धतीप्रमाणे त्यांचे काम असे:

- पिन १: डावा इंडिकेटर, पिवळी वायर
- पिन २: मागचा फॉग लाइट किंवा जादा वापर, निळी वायर
- पिन ३: अर्थ, पांढरी वायर
- पिन ४: उजवा इंडिकेटर, हिरवी वायर
- पिन ५: उजवी टेल लाइट, तपकिरी वायर
- पिन ६: ब्रेक लाइट, लाल वायर
- पिन ७: डावी टेल लाइट, काळी वायर

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, रंगावर विसंबू नका. ट्रॉलीची वायरिंग गावातच झाली असेल तर मिस्त्रीने हाताशी होती ती वायर वापरलेली असते. पिनचा आकडा पाहा आणि टेस्ट लॅम्पने खात्री करा. घरातल्या वायरिंगमध्ये काळी वायर न्यूट्रल समजली जाते, इथे काळी वायर टेल लाइटची आहे. तिला अर्थ समजून जोडले तर टेल लाइट लावताच शॉर्ट होऊन फ्यूज उडतो.

दुसरी, मोबाइलवरील परदेशी व्हिडिओ पाहून जोडणी करू नका. अमेरिकेत सात पात्यांचा वेगळा प्लग वापरतात आणि त्यात निळी वायर इलेक्ट्रिक ब्रेकची असते. आपल्या गोल सॉकेटला तो क्रम लागू पडत नाही.

तपासणीसाठी काय लागते

- टेस्ट लॅम्प: १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. एका वायरीला क्लिप, दुसरीला टोकदार सळई. हा घरीही बनवता येतो.
- साधा मल्टिमीटर
- बारीक काचपेपर, जुना टूथब्रश, पातळ पात्याचा स्क्रूड्रायव्हर
- दोन नवे बल्ब, १० अँपिअरचे दोन-तीन फ्यूज, इन्सुलेशन टेप
- व्हॅसलीन किंवा पांढरे पेट्रोलियम जेली

टेस्ट लॅम्पच का, याचे कारण समजून घ्या. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल, तरीही बल्ब काढलेल्या स्थितीत मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब लावताच मात्र त्या एका तारेतून पुरेसा प्रवाह जात नाही आणि दिवा लागत नाही. टेस्ट लॅम्प स्वतः प्रवाह घेतो, त्यामुळे कमजोर जोडणी लगेच उघडी पडते. शक्यतो तपासणी दिवे लावलेल्या स्थितीतच करा.

तपासणी सपाट जागी, चाकांना दगड लावून आणि पार्किंग ब्रेक ओढून करा. एक जण पेडलवर, दुसरा मागे, असे दोघे असल्यास काम लवकर होते. तपासणाऱ्याने ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये उभे राहायचे असल्यास इंजिन बंदच ठेवा, फक्त चावी सुरू करा.

क्रमाने तपासणी

पायरी १: ट्रॅक्टरचा स्वतःचा ब्रेक लाइट पाहा.
चावी सुरू करून पेडल दाबा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचा ब्रेक लाइटही लागत नसेल तर ट्रॉलीकडे जाऊच नका. दोष फ्यूजमध्ये किंवा पेडलजवळच्या ब्रेक स्विचमध्ये आहे. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. दिवा लागला तर स्विच खराब आहे किंवा त्याची बैठक सरकली आहे.

इथेच एक सवय तपासा. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक असतात. शेतात वळताना ते वेगळे वापरतो, पण रस्त्यावर येताना दोन्ही पेडल लॉकपट्टीने जोडलेच पाहिजेत. काही ट्रॅक्टरमध्ये ब्रेक लाइटचा स्विच एकाच पेडलवर असतो. पेडल सुटे असतील आणि पाय दुसऱ्या पेडलवर पडला, तर दिवा लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा ओढला जातो आणि भरलेली ट्रॉली मागून रेटते.

पायरी २: सॉकेट तपासा.
ट्रॅक्टरचा दिवा लागतो, ट्रॉलीचा नाही. आता प्लग काढा. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. पेडल दाबून सळई सॉकेटच्या पिन ६ ला लावा. दिवा प्रखर लागला तर ब्रेक लाइटचा पुरवठा सॉकेटपर्यंत ठीक आहे.

आता क्लिप बॅटरीवरून काढून सॉकेटच्या पिन ३ ला लावा आणि सळई पुन्हा पिन ६ ला. आता दिवा मंद झाला किंवा लागलाच नाही, तर सॉकेटची अर्थ खराब आहे. ही दुसरी चाचणी सहसा कोणी करत नाही, आणि दोष तर अनेकदा तिथेच असतो.

पायरी ३: प्लग आणि पिन पाहा.
पिनवर हिरवट-पांढरा थर असेल तर चावी बंद करून काचपेपरने घासा. पितळी पिनला मधोमध चीर असते. वापरून वापरून ती दबते आणि पिन सॉकेटमध्ये सैल बसते. पातळ स्क्रूड्रायव्हरने चीर किंचित फाका, जोर लावू नका. मग प्लगचे झाकण उघडून आतले स्क्रू आवळा. वायर स्क्रूखालून निसटलेली असणे, हा नेहमीचा दोष आहे. केबलचा ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून प्लगच्या तोंडाशी आवळपट्टी असते, ती घट्ट आहे का पाहा.

पायरी ४: केबल तपासा.
प्लग लावून पेडल दाबून ठेवायला सांगा आणि केबल टप्प्याटप्प्याने हलवा. दिवा लागतो-विझतो ती जागा म्हणजे आत तुटलेली तार. बहुतेक वेळा ती प्लगपासून वीतभर अंतरावर किंवा दांडीवरून चेसिसमध्ये शिरताना मिळते. केबल आखूड असेल तर धुऱ्याशी वळताना ओढली जाते, जास्त लांब असेल तर जमिनीला घासते. पावसाळ्यात ट्रॉली उभी असताना उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा चेसिसखालचा भागही हाताने चाचपून पाहा.

पायरी ५: मागचा होल्डर आणि बल्ब.
बल्ब काढून तार पाहा. ब्रेक आणि टेल लाइट एकाच बल्बमध्ये असतील तर त्यात दोन तारा असतात, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची टेलची. त्यातली एक जळली तरी दुसरी लागते. अशा बल्बच्या बाजूच्या दोन टाचण्या मुद्दाम वर-खाली असतात. बल्ब जोर लावून उलटा बसवला तर ब्रेक दाबल्यावर मंद दिवा लागतो आणि टेल लाइट प्रखर होते. होल्डरच्या तळाची पत्री गंजली असेल तर घासा आणि किंचित वर उचला.

लक्षणावरून अंदाज

- सगळेच दिवे मंद किंवा सगळेच बंद: अर्थ. आधी पिन ३ पाहा.
- ब्रेक दाबताच टेल लाइट मंद होते, किंवा इंडिकेटरबरोबर ब्रेक लाइटही लुकलुकतो: अर्थ. प्रवाहाला परतीचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो.
- खड्ड्यात आदळल्यावर दिवे जातात-येतात: पिन सैल किंवा वायर आत तुटलेली.
- एकाच बाजूचा दिवा बंद, दुसरा ठीक: त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा त्याची अर्थ.
- ब्रेक दाबताच फ्यूज उडतो: पिन ६ ची वायर कुठेतरी सोलून लोखंडाला लागते आहे.
- ट्रॉली जोडल्यावरच इंडिकेटरचा वेग बदलतो: बल्ब गेला आहे, किंवा फ्लॅशर ट्रॉलीच्या जादा बल्बसाठी नाही.
- ब्रेक लाइट सतत चालू: पेडलची परत येणारी स्प्रिंग किंवा स्विचची बैठक.

अर्थ: सगळ्यात जास्त दुर्लक्षित वायर

प्रत्येक दिव्याला पुरवठ्याची वेगळी वायर असते, पण परतीची वायर सगळ्यांची मिळून एकच असते. हिशेब करून पाहा. २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर ३.५ अँपिअर घेतात. ५ वॅटच्या दोन टेल लाइट मिळून ०.८ अँपिअर. त्यात एक इंडिकेटर १.७५ अँपिअर. वळणावर ब्रेक दाबलात की हे सगळे मिळून सुमारे ६ अँपिअर पिन ३ मधून परत जातात. म्हणून अर्थची वायर सगळ्यात जाड हवी. अनेक ट्रॉल्यांमध्ये ती सगळ्यात बारीक असते, किंवा नसतेच.

नसली तरी दिवे लागतात, आणि फसगत तिथेच होते. प्रवाह चेसिसमधून, दांडीतून आणि हुकच्या पिनमधून ट्रॅक्टरकडे परत जातो. ट्रॉली उभी असताना पिन दाबलेली असते, दिवे छान लागतात. रस्त्यावर पिन हुकमध्ये हलते, तिच्यावर ग्रीस, माती आणि गंज असतो. ट्रॅक्टरला ब्रेक लागताच ट्रॉली पुढे रेटते, पिनचा स्पर्श बदलतो आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक लाइट विझतो. घरासमोर तपासताना ठीक आणि रस्त्यावर बंद, असे होत असेल तर आधी अर्थची वायर आहे का ते पाहा.

अर्थ अशी करा:

१. प्लगच्या पिन ३ पासून मागच्या दोन्ही दिव्यांपर्यंत स्वतंत्र वायर न्या. चेसिसवर विसंबू नका.
२. हीच वायर चेसिसला एका ठिकाणी बोल्टने जोडा. त्या जागचा रंग आणि गंज चकाकी येईपर्यंत घासा, वायरीला लग दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा.
३. ट्रॅक्टरच्या बाजूलाही सॉकेटच्या पिन ३ ची वायर रंगवलेल्या पत्र्यावर नको, घासलेल्या जाड लोखंडावर किंवा थेट बॅटरीच्या ऋण टोकाकडे न्या.

तपासायचे असेल तर सगळे दिवे लावून मल्टिमीटरचे एक टोक मागच्या होल्डरच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थच्या मार्गात कुठेतरी अडथळा आहे.

खताचाही इथे संबंध आहे. ज्या ट्रॉलीतून युरिया आणि इतर खतांच्या पिशव्या येतात, तिच्या तळाशी सांडलेले खत ओलावा धरते आणि लोखंड व तांबे दोन्ही गंजवते. खत उतरवल्यावर ट्रॉली धुतली, तर पत्र्याबरोबर वायरिंगचेही आयुष्य वाढते.

वायर किती जाड हवी

बॅटरीपासून ट्रॉलीच्या मागच्या टोकापर्यंत साधारण ८ मीटर अंतर होते. जाण्याचे आणि परतीचे मिळून १६ मीटर. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली तर ब्रेक लाइटच्या ३.५ अँपिअरला वाटेतच सुमारे २ व्होल्ट खर्च होतात. बल्बला १२ ऐवजी १० व्होल्ट मिळतात आणि प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ही घट पाऊण व्होल्टच्या आत राहते. म्हणून ब्रेक लाइटला दीड, अर्थला अडीच चौरस मिलिमीटर आणि बाकी दिव्यांना एक चौरस मिलिमीटरची वायर घ्या. ती बहुतारी आणि तांब्याचीच हवी. एकतारी वायर धक्क्यांनी तुटते.

एलईडी दिवे लावले तर प्रवाह बराच कमी लागतो आणि धक्क्यांनी तार तुटण्याची भानगड उरत नाही. मात्र त्यांची धन-ऋण बाजू बरोबर जोडावी लागते आणि फ्लॅशर एलईडीला चालणारा घ्यावा लागतो.

कापूस आणि ठिणगी

कापसाच्या ट्रॉलीत वायरिंगचा दोष फक्त दिव्यापुरता राहत नाही. सोललेली वायर लोखंडाला लागली की बॅटरी त्यातून प्रचंड प्रवाह सोडते. वायर लाल होते, ठिणग्या पडतात, आणि चार बोटांवर सुटा कापूस असतो. मागे आग लागल्याचे चालकाला इंजिनच्या आवाजात उशिरा कळते आणि वारा तिला वाढवतो. वर्षभराची पऱ्हाटी रस्त्यावर जळू शकते.

- ट्रॉलीच्या पुरवठ्यावर ट्रॅक्टरच्या बाजूला, बॅटरीजवळ, १० अँपिअरचा फ्यूज ठेवा.
- फ्यूज उडाला तर तांब्याची तार गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपले काम केले आहे. दोष शोधा, मग नवा फ्यूज लावा.
- वायर ट्रॉलीच्या हौदातून किंवा फळक्यावरून नेऊ नका. ती चेसिसखालून, नळीत घालून, दर दोन फुटांवर बांधून न्या. लोखंडातल्या छिद्रातून जाते तिथे रबरी बुश घाला.
- पिळून टेप लावलेले सांधे टाळा. लग दाबा किंवा डाग द्या आणि वरून नळी चढवा.
- ट्रॉलीला वेल्डिंग करताना प्लग काढून ठेवा आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवा. वेल्डिंगनंतर त्या भागातली वायर वितळली नाही ना, हे पाहून मगच कापूस भरा.

दिवा लागतो, पण दिसतो का?

कापूस भरताना ताडपत्री किंवा जाळी मागून खाली सोडतो. दिवे फळक्यावर असतील तर ते तिच्याआड जातात. जागा वाढवायला मागचा फळका उघडून आडवा केला तर दिव्यांचे तोंड जमिनीकडे किंवा आकाशाकडे होते. म्हणून दिवे चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही टोकांना, लोखंडी जाळीच्या आत बसवा. भरणी झाल्यावर वीस पावले मागे जाऊन एकदा नजर टाका.

दिव्यांबरोबर दोन लाल रिफ्लेक्टर मागे हवेतच. कडेने परावर्तक पट्टीही लावा. वीज गेली, फ्यूज उडाला, प्लग निसटला, तरी मागच्या वाहनाच्या प्रकाशात त्या चमकतात. कोळशाची आणि मातीची धूळ बसल्यावर मात्र त्याही निकामी होतात, तेव्हा निघण्यापूर्वी फडक्याने पुसा. बैलबंडीलाही हीच पट्टी लावता येते.

वाटेत दिवे गेले तर

१. ट्रॉली डांबरी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, वळणावर किंवा पुलावर थांबवू नका.
२. ५० पावले मागे एक माणूस टॉर्च घेऊन, रस्त्याच्या कडेला उभा करा.
३. फ्यूज पाहा, प्लग काढून पुन्हा घट्ट बसवा, पिन ३ आणि ६ चे स्क्रू आवळा. निम्मी कामे इथेच होतात.
४. अर्थचाच दोष दिसला तर ट्रॉलीच्या चेसिसपासून ट्रॅक्टरच्या लोखंडापर्यंत एक जाड वायर तात्पुरती बांधा. ती प्लगऐवजी कायम वापरू नका.
५. दिवे लागलेच नाहीत तर रात्री पुढे जाऊ नका. जवळच्या गावात थांबा. भाव उद्याही मिळतो.

खरोखर इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर

परदेशी बनावटीचा किंवा खास बनवून घेतलेला ट्रेलर तुमच्याकडे असेल, तर तपासणीचा विचार तोच, फक्त प्रवाह जास्त. ओढणाऱ्या वाहनात एक नियंत्रक असतो. पेडल दाबल्याची सूचना त्याला ब्रेक लाइटच्या वायरीतून मिळते. त्यामुळे ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला की पेडल दाबूनही ट्रेलरचा ब्रेक न लागण्याची शक्यता असते.

- नियंत्रकाची हाताने चालवायची कळ दाबा आणि सॉकेटच्या ब्रेक पिनवर टेस्ट लॅम्प लावा. कळ जास्त दाबली की दिवा वाढत गेला पाहिजे. तसे झाले तर दोष ट्रेलरच्या बाजूला आहे.
- प्लग काढून चुंबकाचा रोध मोजा. १२ व्होल्टच्या एका चुंबकाचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो, दोन चुंबक समांतर असतील तर त्याच्या निम्मा. खूप जास्त आला तर वायर तुटली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे.
- अॅक्सलजवळ वायर सतत हलते, ती तिथेच तुटते. अर्थ इथेही तितकीच महत्त्वाची आहे.
- ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा स्विच आणि त्याची छोटी बॅटरी असते. ती बॅटरी उतरलेली नाही ना, हे प्रत्येक हंगामाआधी पाहा.

ट्रॉलीला कोणताच ब्रेक नसेल तर वरची सगळी दुरुस्ती करूनही एक गोष्ट बदलत नाही: वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकलाच थांबवायचे आहे. म्हणून क्षमतेपेक्षा जास्त भरू नका, उतारावर गिअर काढून गाडी सोडू नका, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. हुकच्या पिनला लॉक आणि सोबत सुरक्षा साखळी ठेवा.

वर्षभराची निगा

- मृगाआधी: प्लग कोरडा करून व्हॅसलीनचा पातळ हात द्या आणि प्लास्टिक पिशवीत बांधून वर टांगा. दांडीवर एक रिकामे सॉकेट बसवले तर प्लग नेहमी तिथेच ठेवता येतो, चिखलात लोळत नाही.
- दसऱ्याच्या सुमारास, वेचणीआधी: वरची पाच पायऱ्यांची तपासणी पूर्ण करा. पिन, स्क्रू, अर्थचा बोल्ट, बल्ब, रिफ्लेक्टर.
- प्रत्येक फेरीआधी: चावी सुरू, पेडल दाबून मागे पाहा, दोन्ही इंडिकेटर पाहा, पेडलची लॉकपट्टी लावा. याला दोन मिनिटे लागतात. एकटे असाल तर ट्रॉलीची मागची बाजू भिंतीजवळ घेऊन पेडल दाबा, लाल प्रकाश भिंतीवर दिसतो.

कृषी सहायक आणि गटप्रमुखांसाठी

वेचणीआधी गावात एक दिवस ट्रॉली तपासणीसाठी ठेवा. एक टेस्ट लॅम्प, एक मल्टिमीटर, काचपेपर आणि बल्बचा डबा एवढे पुरते. प्रात्यक्षिकात एका चांगल्या ट्रॉलीची पिन ३ मुद्दाम सोडवा आणि दिवे कसे लुकलुकतात ते सर्वांना दाखवा. एकदा हे लक्षण डोळ्यांनी पाहिले की शेतकरी ते विसरत नाही. शक्य असल्यास तपासलेल्या प्रत्येक ट्रॉलीला त्याच दिवशी परावर्तक पट्टी लावून द्या.

थोडक्यात: बल्ब बदलण्याआधी पिन ३ पाहा. दोष ट्रॅक्टरकडून मागे शोधत जा. फ्यूजच्या जागी तार घालू नका. आणि भरलेली ट्रॉली गेटबाहेर काढण्याआधी एकदा मागे जाऊन तो लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.